पणजोबांच्या मागे कसं जायचं? (कोल्हापूर आणि आसपास)

पेठेतला_पाटील

मंडळी, मदत हवी आहे.

माझी पुतणी लग्न करून इंग्लंडात लीड्सला असते. नवरा तिथलाच. यंदा त्यांना मुलगी झाली आणि विहीणबाईंनी नातीसाठी वंशवृक्षाचा मोठा तक्ता करायला घेतला. त्यांची बाजू सतराव्या शतकापर्यंत भरूनसुद्धा झाली. कुणाचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये, लग्न कधी, मृत्युपत्रात गाय कुणाला आणि पितळी भांडी कुणाला, सगळं तारीखवार. आमची बाजू म्हणजे पुतणी, तिचे वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा आणि त्यांच्या मागं मोठी रेघ. पुतणी फोनवर म्हणते, "काका, पुढचं पाठवा की." पाठवतो, पण काय पाठवू?

माहिती आहे ती एवढीच. माझे पणजोबा कागल तालुक्यातल्या एका गावातून शाहू मिलमध्ये कामाला म्हणून आले आणि शिवाजी पेठेत राहिले. गावाकडची थोडी जमीन चुलतभावांकडे राहिली म्हणे. भावकीशी आता येणंजाणं नाही. आत्या आहेत, नव्वदीच्या, पण जुना विषय काढला की दोन मिनिटांत सुनांवर घसरतात.

आपल्याकडं चर्चसारखी वही नाही. मग शोधायचं कुठं? जनगणनेचे जुने कागद बघायला मिळतात का? जुनी मृत्युपत्रं? मला मोडी येत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

तांबडापांढरा

भावा, बिंदू चौकात उभा राहा आणि "ओ पाटील" म्हणून एक हाक मार. जेवढे वळतील तेवढे तक्त्यात घाल. विहीणबाईंचा कागद कमी पडतोय बघ.

(विषय मात्र लई भारी. वाचतोय.)

गावठाण

महसूल खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. सुचेल तसं लिहितो.

जनगणनेचा नाद सोडा. आपल्याकडे १८७२ मध्ये पहिला प्रयत्न झाला आणि १८८१ पासून देशभर एकाच वेळी गणना सुरू झाली. पण आपल्या हाती येतात ते आकडे. अमक्या गावात घरं किती, अमक्या जातीची माणसं किती. घरटी नावं असलेले कागद कुणाला बघता येत नाहीत, १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नं ती माहिती गोपनीय आहे. कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही. १८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटिअर जरूर चाळा, गाव कसं होतं ते कळेल. आजोबा सापडणार नाहीत.

तुमच्या कामाचे कागद दोन. एक, कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, गावची जन्ममृत्यूची वही. दुसरा, फेरफार, जुनी माणसं ज्याला ड पत्रक म्हणतात. जमीन असलेला माणूस मेला की वारसाचा फेरफार होतो. त्यात मयताचं नाव, कधी मयत झाला, वारस कोण आणि त्यांचं नातं. गावातल्या भावकीचा आजचा सातबारा काढा. त्यावर जुन्या फेरफारांचे नंबर असतात. त्यातला वारसाचा फेरफार धरा, तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. त्या फेरफारात जो मयत आहे तो वर कधीतरी वारस म्हणून लागलेला असणारच. त्याचा फेरफार काढा. असं एकेक पायरी मागं.

आणि एक अडचण आधीच सांगतो. पाटील हे वतनाचं नाव. पाटीलकी मिळाली किंवा वाटणीला आली म्हणून ते लागलं. जुन्या कागदात तुमचं घराणं भलत्याच आडनावानं बसलेलं असू शकतं. गावात दहा पाटील असले की प्रत्येक भावकीला गावकरी वेगळ्या नावानं ओळखतात. ते नाव आधी काढा. ते तहसीलमध्ये मिळत नाही, आत्यांकडे मिळतं.

रिकामटेकडा

+१. वाचनखूण साठवली.

थेम्सकाठी

विहीणबाईंचं कौतुक आहेच, पण तिकडं हे का जमतं तेही बघा. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशनं (एका चर्चच्या हद्दीतली वस्ती) बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची. १५९८ पासून त्यातल्या नोंदींची नक्कल दरवर्षी बिशपकडे पाठवायची पद्धत आली. एक वही उंदरांनी खाल्ली तरी दुसरी शिल्लक. १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी. १८४१ पासूनच्या जनगणनेत घरातल्या माणसांची नावं मिळतात, शंभर वर्षं झाली की खुली होतात. १९२१ ची २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. मृत्युपत्रं १८५८ पर्यंत मुख्यतः चर्चच्या कोर्टांत आणि त्यानंतर सरकारकडे. गाय आणि पितळी भांडी तिथनं आली.

पण तिथंही खिंडारं आहेत. १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळं झालीच नाही. सतराव्या शतकाच्या मध्यात यादवी झाली, त्या काळात कित्येक पॅरिशच्या वह्या कोऱ्या आहेत. आणि एकाच गावात एकाच नावाचे चार जॉन. लोक आंतरजालावरनं दुसऱ्याचा वृक्ष उचलतात आणि स्वतःला चिकटवतात. विहीणबाईंना अदबीनं विचारा, सतराव्या शतकातला तो माणूस वहीत स्वतः बघितला की कुणाच्या तक्त्यातून घेतला? एखादी फांदी गळाली तर तुमची बाजू एवढी बुटकी दिसणार नाही.

तांबडापांढरा

@थेम्सकाठी, विहिणीशी भांडण लावायचा हा सभ्य मार्ग आवडला.

मोडीवेडा

कागलचं गाव म्हणालात, म्हणून आधी एक गोष्ट नक्की करा. त्या काळी गाव कुणाचं होतं? आज सगळा कोल्हापूर जिल्हा, पण १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत हा नकाशा गोधडीसारखा होता. काही गावं थेट करवीर दरबारची. काही जहागिरीतली: विशाळगड, बावडा, कागल थोरली पाती, कागल धाकटी पाती, कापशी, इचलकरंजी. शेजारी सांगली, मिरज, कुरुंदवाड अशी पटवर्धनांची संस्थानं, मध्येच एखादं ब्रिटिश मुलखातलं गाव. ज्याचं गाव त्याचं दफ्तर. कोल्हापूरच्या पुरालेखागारात दरबारचं दफ्तर आहे, बहुतेक मोडीत, पण जहागिरीतल्या गावासाठी तेवढ्यावर थांबू नका.

तारखांनी घाबरू नका. शक असेल तर ७८ मिळवा. फसली, म्हणजे महसुली सन, असेल तर ५९०. जुन्या कागदांत सुहूर सन येतो आणि तो अरबी आकड्यांत, अक्षरी असतो. "तिसा अशर मयातैन व अलफ" म्हणजे नऊ, दहा, दोनशे आणि हजार, १२१९. त्यात ५९९ मिळवले की १८१८. वर्ष जूनमध्ये बदलतं, त्यामुळं जानेवारी ते मेमधल्या कागदाला आणखी एक मिळवायचा.

नावांचं म्हणाल तर "राणोजी बिन संताजी" म्हणजे संताजीचा मुलगा राणोजी. "वलद" आलं तरी तेच. बाईच्या नावापुढं "कोम" आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व दीर्घ पाळत नाहीत, म्हणून आडनाव वाचताना तज्ज्ञसुद्धा अडतात. एकाच गावचे पाचदहा कागद शेजारी ठेवून वाचा, हात ओळखीचा झाला की सुटतं. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग अधूनमधून निघतात, जमलं तर कराच.

करवीरकन्या

सगळे प्रतिसाद वाचले. बापाचा बाप, त्याचा बाप. तक्त्यात बायका कुठं आहेत? पाटीलसाहेब, तुमच्या पणजीचं माहेरचं नाव माहीत आहे का तुम्हाला?

पेठेतला_पाटील

@करवीरकन्या, नाही. सासरचं नाव सरस्वती एवढं माहीत आहे. लीड्सच्या तक्त्यात प्रत्येक बाईचं माहेरचं आडनाव आहे हे आत्ता तुम्ही म्हणाल्यावर लक्षात आलं.

तांबडापांढरा

म्हणजे निम्मा तक्ता तिथंच गेला.

वकिलीण_भाऊसिंगजीरोड

करवीरकन्या ताईंना उत्तर माझ्या कपाटात आहे. बायकांची नावं पाहिजेत तर हक्कसोडपत्रं काढा. भाऊ जमीन आपल्या नावावर करून घेतात तेव्हा सगळ्या बहिणींना कचेरीत बोलावून सही किंवा अंगठा घेतात. त्या दस्तात प्रत्येक बहिणीचं सासरचं पूर्ण नाव, वय, गाव. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यावर बहिणींची नावं वारसात यायला लागली आणि त्याच वेळी ती सोडून घ्यायचे दस्तही वाढले. बहिणींना हिस्सा किती मिळाला ते विचारू नका, पण नाव मिळालं. दुय्यम निबंधकाकडं सूची दोनमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या यादीत, शोध घेता येतो.

दुसरी खाण म्हणजे वाटपाचे दावे. वादी कुठल्याही भावकीचा असो, अर्जाच्या पहिल्या दुसऱ्या कलमातच वंशावळ काढलेली असते. मूळ पुरुष वर, खाली चार शाखा, कोण निपुत्रिक वारला, कोण दत्तक गेला, कुणाला दोन बायका. प्रतिवादी त्यावर आक्षेप घेतो, मग साक्षीपुरावा होतो. विहीणबाईंच्या पॅरिशच्या वहीत कुणी उलटतपासणी घेत नाही. आपल्याकडे घेतात. भाऊबंदकीनं घरं बुडाली असतील, पण कागद तिनंच राखले.

मृत्युपत्रांकडून फार आशा ठेवू नका. मुंबईत प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून शाबित करून घ्यायची, पद्धत रुजली, आपल्या भागात जुनी माणसं वाटणीपत्र नाहीतर दत्तकपत्र करायची. नोंदवलेलं मृत्युपत्र असलंच तर ते निबंधकाच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये असतं. करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, वारल्यावर कुणीही अर्ज करून घेऊ शकतो. १९०८ चा नोंदणी कायदा, कलम ५७.

दत्तकाकडे मात्र लक्ष ठेवा. रक्ताची ओळ आणि कागदाची ओळ तिथं फुटते. खुद्द शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, १८८४ मध्ये दत्तक येऊन करवीरचे छत्रपती झाले. तक्त्यात त्यांना कुठं बसवाल?

अक्षरओळख

चर्चा चांगली चालली आहे. पण फेरफार, वतन, वाटपाचा दावा हे सगळं जमीन असलेल्यांचं झालं. आमच्या घरी सात पिढ्यांत सातबारा नव्हता. मेल्यावर वारसाला द्यायला काही नसेल तर फेरफार कशाचा होणार?

मला माझा पणजा सापडला तो शाळेच्या दाखल्यात. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. पोर शाळेत आलं की रजिस्टरात नाव आलं: मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, राहणार, जन्मतारीख. जन्मतारीख गुरुजींनी अंदाजानं घातलेली, त्या काळचं पोर बघितलं तर निम्मी १ जूनची. पण बापाचं नाव खरं. पणज्याच्या बापाचं नाव आयुष्यात पहिल्यांदा कुणी शाईनं लिहिलं असेल तर ते त्या गुरुजींनी. त्याच्या मागं आम्हाला कागद नाही. गावकीची कामं करणाऱ्यांची नोंद असते, पण तिथं नुसतं एकेरी नाव, बापाशिवाय.

कोल्हापुरात वसतिगृहांची रजिस्टरंही बघावीत. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून एकेक समाजाची वसतिगृहं उभी राहिली, आमच्या, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी १९०८ चं मिस क्लार्क. शिकायला खेड्यातून कोण आलं ते तिथं कळतं.

गावठाण

@अक्षरओळख, मुद्दा शंभर टक्के बरोबर. फक्त एक भर. कोतवाल बुकात जमीन असो नसो, मेलेला प्रत्येक माणूस यायचा. मी ती पुस्तकं हाताळली आहेत. नाव, जात, वय आणि मरणाचं कारण, त्यात ताप, पटकी, देवी, हगवण. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या महिन्यांत एका पानावर दुसरा शब्दच दिसत नाही, ताप, ताप, ताप. जन्माच्या बाजूला मात्र नाव नसतं. "धोंडी यास मुलगा" एवढंच. बारसं व्हायच्या आत कोतवाल सांगून मोकळा. त्यामुळं जन्म शोधताना बापाच्या नावानं शोधा, पोराच्या नाही.

हुपरीकर

आमच्या घरात कुणबी नोंद शोधायला म्हणून सुरुवात झाली आणि खापरपणजोबा मिळाले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, मग राज्यभर तहसीलमधल्या जुन्या वह्या कपाटातून बाहेर निघाल्या आणि स्कॅन झाल्या. आरक्षणाचं काय व्हायचं ते होवो, वंशावळवाल्यांचं कल्याण झालं. बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पानंच्या पानं टाकली आहेत.

राजारामपुरी_नववी_गल्ली

कल्याण कुणाचं झालं आणि कुणाचं वाटोळं झालं यावर एकदा बोलायला पाहिजे. शहाण्णव कुळीच्या गप्पा मारणारे आता

संपादक मंडळ

वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग व त्यावरील अकरा उपप्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. आरक्षणावर वेगळे धागे आहेत, तिथे भांडावे. इथे पाटलांना पूर्वज शोधून द्यावेत.

तांबडापांढरा

संपादकांच्या प्रतिसादाला +१११. मी वाचायच्या आत उडवल्याबद्दल निषेधही.

कोडोलीचा

"आपल्याकडं चर्चसारखी वही नाही" असं धागाकर्त्यानं लिहिलं आहे. आमच्याकडं आहे हो!

आम्ही कोल्हापुरी ख्रिस्ती. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, १८७० मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. शहरातलं वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. आमच्या मंडळीच्या वहीत बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळं आहे. माझ्या पणजीचा बाप्तिस्मा मोठेपणी झाला, त्यामुळं नोंदीत तिच्या आईवडिलांची नावं आणि मूळ गाव आलं. लहान मुलाच्या नोंदीत साक्षीदार म्हणून जे येतात ते बहुतेक मामा मावशीच असतात, त्यांचीही नावं टिपून ठेवा.

पण वही जिथं सुरू होते तिथं ओळ तुटते. ज्यानं पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतला त्याच्या बापाच्या मागं आम्हीपण तुमच्याबरोबर कोतवाल बुकाच्या रांगेत. गोव्याकडचे कॅथलिक त्या बाबतीत नशीबवान, त्यांच्या पॅरिशच्या वह्या पोर्तुगीज काळापासूनच्या आहेत, फक्त पोर्तुगीज वाचता यायला पाहिजे.

वही बघायची तर पाळकांना आधी भेटा, काय हवं ते सांगा. परवानगीशिवाय फोटो नको, अजून हयात असलेल्या माणसांच्या नोंदी त्याच पानावर असतात.

दूधगंगा

एवढे प्रतिसाद झाले आणि हेळव्यांचं नाव कुणी काढलं नाही? कमाल आहे. कागल तालुक्यातली भावकी आणि हेळवी नाही असं होत नाही.

नव्या पोरांसाठी सांगते. हेळवी म्हणजे वंशावळ सांगणारे. सुगी झाली की यायचे. सजवलेला बैल, गळ्यात मोठी घंटा, हेळवी बैलावर बसून. घंटा वाजली की आमची आजी चुलीवरचं तसंच ठेवून सोप्याला यायची. दारात बैल थांबायचा आणि हेळवी खाली न उतरता सुरू करायचा. तुमचं मूळ गाव अमकं, तिथनं दुष्काळात दोघे भाऊ निघाले, थोरला अमक्या गावी राहिला, धाकटा इथं आला, त्याला तीन मुलं, मधल्याचा वंश बुडाला, अशी सरळ एका दमात माझ्या चुलत्यापर्यंत यायचा. मग आजी त्या दोनचार वर्षांत जन्मलेली नावं सांगायची, तो वहीत चढवायचा. वही कापडात गुंडाळलेली, थोडी मोडी, थोडी कानडी, शेवटची पानं बाळबोध. दाणे, धोतर, कधी लुगडं, आणि घरात बरे दिवस असले तर कालवड द्यायची. एका हेळव्याकडं ठरलेली घराणी, बापाची मुलाकडं जातात. आमचा हेळवी बेळगावकडचा. त्याचा मुलगा आता मोटारसायकलवरनं येतो. घंटा नाही, फोन करून येतो.

त्याच्या वहीतच मला कळलं की आमच्या चार भावक्या एकाच घरातल्या.

सनावळी

हेळव्यांबद्दल आदर आहे, पण मीठ लावून घ्या. शेवटच्या पाचसहा पिढ्या बऱ्यापैकी पक्क्या असतात कारण घरच्यांनीच सांगितलेल्या. त्याच्या वर गेलं की प्रत्येक घराणं उत्तरेतल्या कुठल्या ना कुठल्या राजाकडनं निघतं. कालवड देणाऱ्याला कोण सांगेल की तुमचा मूळ पुरुष कर्ज बुडवून पळाला होता? कुलवृत्तांतांचंही तसंच. पहिलं प्रकरण सोडून दुसऱ्यापासून वाचावं.

दूधगंगा

@सनावळी, आमच्या हेळव्यानं सांगितलं होतं की मूळ पुरुष खून करून गाव सोडून आला. कालवड घेऊन सांगितलं. तुमच्या हेळव्याला तुम्ही कमी दिलं असेल.

तांबडापांढरा

नाद खुळा!

सनावळी

हे मान्य. :) तरीही फेरफाराशी ताडून बघा एवढंच म्हणणं.

नाशिकवारी

त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या कुणी लिहिल्या नाहीत अजून. घराण्यातलं कुणी दशक्रियेला, नारायण नागबळीला किंवा सिंहस्थात गेलं असेल तर तिथं त्यानं स्वतःच्या अक्षरात वडील, आजोबा, भाऊ, मुलगे लिहून खाली सही केलेली असते. गावावर आणि आडनावावर उपाध्ये ठरलेले असतात, घाटावर विचारलं की कुणाकडं ते सांगतात. पंढरपूर, काशी, गया इथंही तेच. हरिद्वारसारख्या क्षेत्रांतल्या वह्यांच्या फिल्म करून फॅमिलीसर्च या संस्थेनं आंतरजालावर घातल्या आहेत, पण कोल्हापूरकरांना त्याचा उपयोग थोडाच. जो गेला त्याचीच नोंद, ही अट आहे. ज्याच्याकडं गाडीभाड्याचे पैसे नव्हते तो इथंही नाही. अक्षरओळख यांचा मुद्दा इथंही लागू.

डीएनए_दादा

एवढं कशाला? थुंकीची डबी पाठवा, दीड महिन्यात निकाल.

वकिलीण_भाऊसिंगजीरोड

आणि निकालात काय येईल? दक्षिण आशियाई. ते पाटलांना आरशात दिसतंय.

पेठेतला_पाटील

उशिरा लिहितोय, क्षमस्व. बरंच काही झालं.

आत्यांना वंशावळ विचारायच्या ऐवजी दूधगंगा यांच्या प्रतिसादातला बैल विचारला. "आपल्या दारात हेळवी यायचा का?" त्यांचे डोळेच चमकले. "येत होता की. दादा त्याला धोतर द्यायचे आणि आई चिडायची." आणि मग गावठाण साहेबांनी सांगितलेला प्रश्न विचारला, गावात आपल्याला काय म्हणायचे? लगेच म्हणाल्या, "घोडके. पाटील शाळेत लागलं." हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

घोडके म्हटल्यावर गावात पाच मिनिटांत घर सापडलं. चुलत घराण्यातले एक काका आहेत, त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. मी नाव गाव सांगितलं, पणजोबांचं नाव सांगितलं. तो जरा वेळ बघत राहिला आणि पहिला प्रश्न: "जमिनीचं काय काढलंय का?" लीड्स, नात, तक्ता, सगळं सांगितलं. विश्वास बसेना. शेवटी पुतणीला व्हिडिओ कॉल लावला, तान्ही पोर बघितली, तेव्हा काकू चहा ठेवायला उठल्या. सातबाऱ्याची प्रत मात्र त्यानं हातात दिली नाही, लांबनं दाखवली.

लांबनं का होईना, फेरफाराचे नंबर उतरून घेतले. अर्ज केला. वारसाचा फेरफार मिळाला, मराठीत आहे. मयत म्हणून खापरपणजोबा येसू, वारस तीन मुलगे, त्यात माझे पणजोबा "हल्ली कोल्हापूर". त्याच्या आधीचा कागद मोडीत आहे.

मोडीवेडा

फोटो टाका! सरळ वरून काढा, सावली नको, पानाच्या चारी कडा दिसू द्या.

पेठेतला_पाटील

टाकला आहे, खाली जोडलाय.

मोडीवेडा

वाचला. "येसू बिन सटवाजी घोडके". पुढं एक शब्द आहे तो "निसबत" की आणखी काही, पान दुमडल्यामुळं कळत नाही. सटवाजी नक्की. तारीख फसलीत आहे, शेवटचा आकडा शाईत बुडालाय, १२९ च्या पुढं काहीतरी. म्हणजे १८८० च्या दशकातला कागद. सटवाजी तेव्हा हयात होता की नाही ते यावरून ठरत नाही, तक्त्यात त्याच्यापुढं साल घालू नका.

थेम्सकाठी

विहीणबाईंनी शिकण्यासारखी गोष्ट आहे ही.

करवीरकन्या

अभिनंदन! येसूच्या बायकोचं नाव?

पेठेतला_पाटील

फेरफारात नाही. तीन मुलगे आहेत, मुली होत्या की नाही तेही नाही.

गावठाण

येसूच्या मृत्यूचं साल फेरफारात आलंय ना? मग त्या सालापासून पुढची पंधरावीस वर्षं कोतवाल बुकात मरणाची बाजू बघा, "कोम येसू घोडके" शोधत. बाई मागं राहिली असेल तर तिथं मिळेल. आडनाव पाटील लिहिलेलं असू शकतं, दोन्ही बघा.

दूधगंगा

आणि माहेर पाहिजे असेल तर हेळवी. आमच्या वहीत सुनांची माहेरं आहेत, कुठल्या गावची लेक ते लिहितात. घोडक्यांचा हेळवी कोण ते त्या काकूंना विचारा, काकांना नको. काका जमिनीचं बघतील.

तांबडापांढरा

हेळवी मिळाला की इथं सांग रे. आमच्याकडचा आजोबांच्या वेळेपासून आला नाही. कालवड नाही, पण पेट्रोल भरतो म्हणावं.